नोकरीतील परिचारिका आणि पदवीचा मार्ग

अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत ज्या परिचारिका रात्रंदिवस राबतात, त्यांच्यापैकी अनेकींच्या मनात एक प्रश्न वर्षानुवर्षे घर करून असतो. जी.एन.एम. म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका पदरात आहे, परिचर्या परिषदेची नोंदणी आहे, हाताला अनुभवाची धार आहे. पण पदवी नाही, आणि पदवीवाचून पुढची प्रत्येक पायरी अडलेली आहे. नोकरी सोडून दोन वर्षे नागपुरात किंवा अमरावतीत राहावे, तर घर चालत नाही. नोकरी सांभाळून शिकावे, तर महाविद्यालय सुमारे नव्वद-शंभर किलोमीटरांवर. मग साहजिकच मोबाइलच्या पडद्यावर ‘घरबसल्या नर्सिंगची पदवी, माफक शुल्कात’ असा शोध सुरू होतो. हा शोध कायद्याने, खर्चाने आणि विद्येच्या दृष्टीने कोठवर जाऊ शकतो, खरे मार्ग कोणते, फसवे कोणते, आणि जो मार्ग असायला हवा पण अद्याप नाही तो कोणता, याचा साकल्याने विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम पदवीची ही आकांक्षा आली कोठून ते पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात शुश्रूषेचे शिक्षण प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांपर्यंत पोहोचविण्यात रमाबाई रानडे यांचा वाटा मोठा आहे. 1909 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून, विधवा आणि निराधार स्त्रियांनी ससून रुग्णालयात जाऊन हे शिक्षण घ्यावे यासाठी त्या झटल्या, आणि ज्या कामाकडे समाज त्या काळी तुच्छतेने पाहत होता त्याला त्यांनी सन्मान मिळवून दिला. परंतु विद्यापीठाचे दार या विद्येला बऱ्याच उशिरा उघडले. दिल्ली आणि वेल्लोर येथे 1946 साली परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय 1964 साली निघाले. त्याच 1946 साली भोर समितीने देशातील आरोग्यव्यवस्थेचा जो अहवाल सरकारला सादर केला, त्यात प्रशिक्षित परिचारिकांची संख्या अवघी सात हजारांच्या आसपास असल्याचे नमूद होते. एवढ्या मोठ्या देशाला परिचारिका तातडीने हव्या होत्या, आणि रुग्णालयांना जोडलेल्या शाळांतून मिळणारी पदविका हाच त्यावरचा शीघ्र उपाय होता. तो योग्यच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की एकाच खाटेशी, एकाच रुग्णाची, सारखीच शुश्रूषा करणाऱ्या दोघींपैकी एक पदवीधर आणि दुसरी पदविकाधारक अशी कायमची विभागणी या व्यवसायात रूढ झाली.

ही विभागणी केवळ मानापमानाची असती तर तिच्यासाठी एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परिचारिकेचे शिक्षण आणि रुग्णाचे प्राण यांचा संबंध आता मोजून दाखविला गेला आहे. लिंडा आयकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यातील रुग्णालयांचा अभ्यास करून 2003 साली दाखविले की, ज्या रुग्णालयात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक, तेथे शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी कमी आढळते. पुढे 2014 साली युरोपातील नऊ देशांच्या तीनशे रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा हीच घट सुमारे सात टक्के भरली. हे आकडे परदेशांतील आहेत आणि ते कार्यकारणापेक्षा सहसंबंध दाखवितात, हे मान्य केले तरी त्यांतील बोध आपल्याकडे अधिकच लागू पडतो. कारण मोठ्या शहरातील रुग्णालयात परिचारिकेच्या मागे वैद्यांची फळी उभी असते. फवारणीच्या विषबाधेचा किंवा सर्पदंशाचा रुग्ण मध्यरात्री तालुक्याच्या दवाखान्यात येतो, तेव्हा त्याची प्रकृती कोणत्या दिशेने चालली आहे हे प्रथम ओळखण्याची जबाबदारी नाईट ड्युटीवरील एकट्या सिस्टरवर असते.

पदवीचा व्यावहारिक लाभही तितकाच स्पष्ट आहे. नागपूरच्या एम्ससह देशभरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांतील परिचारिका पदांसाठी जी सामायिक परीक्षा होते, तिला पदवीधर उमेदवार नोंदणीच्या बळावर थेट बसू शकतो. पदविकाधारकाला मात्र किमान 50 खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. ग्रामीण रुग्णालय सामान्यतः 30 खाटांचे असते. म्हणजे खेड्यातल्या माणसांची सेवा करण्यात ज्या परिचारिकेची दहा वर्षे गेली, तिचा तो सारा अनुभव या अर्जाच्या रकान्यात शून्य धरला जातो. आपल्या राज्यात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदासाठी आयुर्वेद व युनानी पदवीधरांबरोबर बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या उमेदवारांचा विचार होतो. परिचर्या महाविद्यालयात शिकवायचे असो वा एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा असो, पदवी ही पहिली अट. सबब पदवीची इच्छा धरणारी परिचारिका चैनीची वस्तू मागत नाही. तिने केलेल्या कामाला मोल मिळण्याचा तो एकच दाखला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संपूर्णपणे ऑनलाइन चालणारी आणि भारतात ग्राह्य धरली जाणारी परिचर्येची पदवी मिळते काय? याचे उत्तर निःसंदिग्ध नकारार्थी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणासंबंधी 2020 साली जे विनियम जारी केले, त्यांत अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, कायदा इत्यादी विषयांबरोबर परिचर्येचाही समावेश निषिद्ध विषयांच्या यादीत स्पष्ट शब्दांत केलेला आहे. पुढे 2025 साली सहयोगी आरोग्यसेवांचे विषय आणि मानसशास्त्र यांनाही हाच निर्बंध लागू झाला. म्हणजे शासनाचे धोरण सैल होण्याऐवजी अधिक घट्ट होत चालले आहे. या निर्बंधामागील तत्त्व मला मान्य आहे. शिरेत सुई कशी घालावी, प्रसूतीत बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले तर काय करावे, मरणाच्या दारात असलेल्याच्या नातेवाइकांशी कोणत्या स्वरात बोलावे, या गोष्टी पडद्यावर पाहून येत नाहीत. त्या जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली रुग्णाच्या खाटेशीच शिकाव्या लागतात. म्हणून एखादी जाहिरात ‘एकदाही न जाता पदवी’ असे वचन देत असेल, तर त्या वचनातच तिची निरर्थकता सामावलेली असते.

या निर्बंधाच्या चौकटीत एक सन्माननीय वाट मात्र दीर्घकाळ चालू राहिली आहे. 1985 साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने नव्वदीच्या दशकात सेवेतील परिचारिकांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सुरू केला. नियमित महाविद्यालयात हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. येथे तो किमान तीन वर्षांचा आहे. बारावीनंतर तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका घेतलेल्या आणि नोंदणीकृत परिचारिका-प्रसाविका म्हणून दोन वर्षांचा अनुभव असलेल्यांना त्यात प्रवेश मिळू शकतो. शिक्षण दहावीनंतरचे असेल तर अनुभवाची अट पाच वर्षांची होते. ज्या पुरुष परिचारकांच्या पदविकेत प्रसूतिशास्त्राऐवजी दुसरा विषय होता, त्यांना त्याबद्दलचे भारतीय परिचर्या परिषदेने विहित केलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. प्रवेश परीक्षेतून होतो, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असते, पाठ्यपुस्तके घरी येतात, स्वाध्याय लिहून द्यावे लागतात. परंतु प्रात्यक्षिकांसाठी विद्यापीठाने नेमलेल्या परिचर्या महाविद्यालयाच्या अभ्यासकेंद्रात प्रत्यक्ष हजेरी अनिवार्य असते. वाचनाचा भाग घरी आणि हाताचा भाग रुग्णालयात, अशी ही समंजस वाटणी आहे. तिच्यात कायद्याच्या कठोरतेला आणि नोकरदार स्त्रीच्या अडचणीला एकाच वेळी न्याय मिळतो. माफक खर्चातील, नोकरी सांभाळून मिळणारी परिचर्येची पदवी या देशात असेल तर ती या नमुन्याचीच असू शकते.

मग वरूडच्या परिचारिकेला ही वाट का सापडत नाही? कारण वाट असणे आणि ती आपल्या दारावरून जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रत्येक अभ्यासकेंद्रातील जागा मोजक्या. केंद्रे मोठ्या शहरांतील महाविद्यालयांत. आणि प्रात्यक्षिकांचे वर्ग सलग दिवसांचे. वरूडला आता नरखेड-बडनेरा मार्गाचे रेल्वेस्थानक आहे, मोर्शीमार्गे अमरावतीला आणि काटोलमार्गे नागपूरला एस.टी. आहे, पण रात्रपाळी संपवून सकाळची गाडी धरायची, दिवसभर शिकायचे आणि परत पाळीवर उभे राहायचे, हे शरीराला झेपणारे नव्हे. पुसल्याच्या किंवा बेनोड्याच्या परिचारिकेला तर वरूडपर्यंतचा प्रवास वेगळा. त्यातून प्रवेशपरीक्षेचे इंग्रजी, जे मराठी माध्यमातून शिकलेल्या व पंधरा वर्षांपूर्वी परीक्षा सोडलेल्या स्त्रीला रोगाच्या ज्ञानापेक्षाही अधिक भय घालते. हे सारे अडथळे विद्येचे नाहीत, अंतराचे आणि वेळेचे आहेत, आणि म्हणूनच ते दूर होण्यासारखे आहेत.

दुसरा मार्ग नियमित पोस्ट बेसिक पदवीचा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी, जे 1998 साली स्थापन झाले, संलग्न असलेल्या महाविद्यालयांत राज्याच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेतून हे प्रवेश होतात. शासकीय महाविद्यालयातील शुल्क परवडण्याजोगे असते. खाजगी महाविद्यालयाचे शुल्क त्याच्या अनेक पट. तरीही शुल्क हा खर्चाचा दृश्य भाग झाला. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालील कंत्राटी स्टाफ नर्सचे मानधन आपल्या जिल्ह्यांच्या जाहिरातींतून महिना 20,000 रुपये असे वारंवार आलेले आहे. त्या हिशेबाने नोकरी सोडून दोन वर्षे शिकणाऱ्या परिचारिकेचे 4,80,000 रुपयांचे उत्पन्न बुडते, शिवाय वसतिगृह, जेवण आणि घरी ठेवलेल्या मुलांची व्यवस्था वेगळी, आणि परत आल्यावर तेच पद मिळेल याचा कोणताही लेखी हवाला नाही. म्हणून परवडणाऱ्या पदवीचा हिशेब करताना माहितीपत्रकातील शुल्काच्या आकड्यावर न थांबता बुडणाऱ्या पगाराचा आकडा प्रथम मांडला पाहिजे. अनेकदा अधिक शुल्काचा पण नोकरी राखणारा मार्गच अंती स्वस्त ठरतो.

कायम सेवेतील परिचारिकेची स्थिती यापेक्षा बरी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 यांत अध्ययन रजेची तरतूद आहे. ठरावीक वर्षांची सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला, शिक्षणानंतर ठरावीक काळ शासनाची सेवा करण्याचे बंधपत्र लिहून देऊन, ती मागता येते. दवाखान्यातील मनुष्यबळ इतके अपुरे असते की एकीची रजा म्हणजे दुसरीची दुप्पट ड्युटी, आणि याच कारणास्तव असे अर्ज वरिष्ठांच्या दप्तरात रेंगाळतात. तरीही तो हक्क आहे आणि तो मागितला पाहिजे. शिष्यवृत्तीच्या बाबतीत 8 जुलै 2024 रोजीच्या शासन निर्णयाने मोठा दिलासा दिला आहे. आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही; दलालाच्या सांगण्यावरून कोट्याची जागा धरणारी विद्यार्थिनी या हक्कालाच मुकते. निवासाच्या खर्चासाठी जी योजना आहे, तिला आपल्या अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे, आणि वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या लेकरांनी शिकावे म्हणून आयुष्य वेचलेल्या त्या पुरुषाचे नाव तेथे शोभते.

आता फसव्या वाटांविषयी. वरूड हा सीमेवरचा तालुका. पांढुर्णा आणि मुलताई हाकेच्या अंतरावर. शेजारच्या मध्य प्रदेशात परिचर्या महाविद्यालयांचा जो गैरव्यवहार उघडकीस आला, त्यात जबलपूर उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने तीनशेहून अधिक महाविद्यालयांची तपासणी केली आणि त्यांपैकी साठाहून अधिक महाविद्यालये सर्वस्वी अपात्र, तर आणखी सत्तरहून अधिक त्रुटिपूर्ण ठरली. या आकड्यांमागे हजारो विद्यार्थी आहेत, ज्यांच्या परीक्षा रखडल्या आणि ज्यांच्या आईबापांचे पैसे बुडाले. हजेरीशिवाय पदवी, मागील तारखेचा प्रवेश, परराज्यातील कागदोपत्री रुग्णालय, अशी आमिषे दाखविणारे लोक तालुक्याच्या गावी सहज पोहोचतात. त्यांना चार प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे: विद्यापीठ कोणते व त्याला हा अभ्यासक्रम या पद्धतीने चालविण्याचा अधिकार कोणत्या वर्षी मिळाला, भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत महाविद्यालयाचे नाव चालू वर्षासाठी आहे काय, प्रात्यक्षिके कोणत्या रुग्णालयात व किती तास होणार, आणि पदवीची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषद करून घेईल काय. यांतील शेवटचा प्रश्न निर्णायक आहे. पदवीचे पत्र कितीही सुबक छापलेले असो, परिषदेच्या नोंदवहीत जी पदवी चढत नाही ती परिचारिकेच्या कामाची नाही. ज्या 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद उभी राहिली, त्याच्या जागी राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा 2023 साली संसदेने संमत केला आहे. संस्थेचे नाव बदलले तरी हा दंडक बदलणारा नाही.

परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्यांचे आकर्षणही अलीकडे वाढले आहे. अमेरिकेतील वेस्टर्न गव्हर्नर्स विद्यापीठासारख्या संस्था नोंदणीकृत परिचारिकांना सहामाहीच्या ठोक शुल्कात पदवी देतात. त्या सहामाहीत जितके विषय पुरे होतील तितके करावेत, शुल्क तेच. तिकडे काम करणाऱ्या मराठी परिचारिकेला हा मार्ग उपयुक्त आहे. पण येथे राहून तशी पदवी घेतली, तर तिला भारतात समकक्षता मिळण्याचा भरवसा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2025 च्या परदेशी पदव्यांच्या समकक्षतेच्या नियमांतूनही परिचर्येसारखे परिषदांच्या अधिकारातील व्यवसाय वगळलेले आहेत. तथापि त्या देशांच्या अनुभवातून घेण्यासारखी एक गोष्ट अतिशय मोलाची आहे. ब्रिटनमध्ये 1969 साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने परिचर्येचे शिक्षण दूरस्थ पद्धतीने देताना, रुग्णालयात सहायक म्हणून काम करणाऱ्या माणसांनाच, त्यांच्या मालकाच्या संमतीने व साहाय्याने, प्रवेश दिला. पुस्तके विद्यापीठाची, रुग्ण व मार्गदर्शक रुग्णालयाचे. शिक्षणासाठी नोकरी सोडण्याऐवजी नोकरीलाच शिक्षणाचे स्थान केले.

दरम्यान, पदवीची वाट पाहणाऱ्या परिचारिकेने रिकामे बसण्याचे कारण नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात माता व बालक परिचर्या, नवजात शिशूंची शुश्रूषा, समुदाय आरोग्य यांवरील प्रमाणपत्रे आणि परिचर्या प्रशासनाची पदविका असे अभ्यासक्रम निघालेले आहेत. 2017 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या स्वयम् या व्यासपीठावर आरोग्याचे विषय विनाशुल्क ऐकता येतात. यांनी पदवी मिळत नाही; पण नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सतत शिक्षणाची जी अपेक्षा आता ठेवली जाते, तिच्यासाठी लागणारी अभ्यासाची सवय टिकते, आणि प्रवेशपरीक्षेच्या इंग्रजीची भीती बरीच ओसरते.

एवढा आढावा घेतल्यावर निष्कर्ष एकच निघतो. परिचर्येची पदवी खाटेपासून तोडता येत नाही, हा कायद्याचा आग्रह रास्त आहे. परंतु नोकरीतील परिचारिका ही मुळात खाटेशीच उभी आहे. तिच्याजवळ रुग्ण आहेत, प्रसंग आहेत, वर्षांचा सराव आहे. तिला उणीव आहे ती तिच्या कामाकडे शिक्षकाच्या नजरेने पाहून तिला दुरुस्त करणाऱ्या मार्गदर्शकाची. तो मार्गदर्शक तिच्यापर्यंत आणणे अशक्य नाही. अमरावतीत लोक ज्यांना आजही इर्विन आणि डफरीन म्हणतात ती जिल्हा सामान्य व जिल्हा स्त्री रुग्णालये आहेत, शिवाजी शिक्षण संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लेडी हार्डिंग रुग्णालय आहे. या दोन शहरांत सेवेतील परिचारिकांसाठी अभ्यासकेंद्रे उघडावीत, विशेष विभागांतील प्रात्यक्षिके तेथे घ्यावीत, आणि प्राथमिक शुश्रूषा, प्रसूती व समुदाय आरोग्य यांचे तास तालुक्याच्या रुग्णालयातच, प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या सहीने, ग्राह्य धरावेत. सामान्य पदव्यांसाठी 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयम् वरून घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 सालीच दिलेली आहे. परिचर्येच्या पुस्तकी भागासाठी तशीच मुभा केवळ नोंदणीकृत व अनुभवी परिचारिकांपुरती द्यायला तत्त्वाची कोणतीही हरकत दिसत नाही.

महाराष्ट्राला हे काम परके वाटण्याचे कारण नाही. नाशिकला 1989 साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभे करणारे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले; विद्यापीठाने विद्यार्थ्याकडे चालत जावे, हा विचार येथील मातीत रुजलेला आहे. आज नाशिकमध्येच आरोग्य विज्ञान विद्यापीठही आहे. एकाजवळ दूर असलेल्याला शिकविण्याचे शास्त्र, दुसऱ्याजवळ रुग्णालयांवरील अधिकार. या दोघांनी आरोग्य खात्याच्या साहाय्याने आणि परिषदेच्या मंजुरीने एक संयुक्त अभ्यासक्रम आखावा, कंत्राटी परिचारिकेलाही त्यात नोकरी शाबूत राखून प्रवेश द्यावा, तिच्या शुल्काचा भार ती तालुक्यात सेवा देईल या अटीवर शासनाने उचलावा, आणि पहिले केंद्र अमरावतीत काढावे. तोपर्यंत वरूडच्या परिचारिकेने इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करावी, कायम सेवेत असल्यास अध्ययन रजेचा अर्ज लेखी द्यावा, आणि ज्या पदवीची नोंद परिषद करून घेणार नाही तिच्यावर एक रुपयाही खर्च करू नये.